वर्दी उतरवून लेखणी धरणारा : जॉर्ज ऑर्वेल

बिहारमधील मोतिहारी हे गाव आपल्याला ठाऊक असते ते गांधीजींच्या चंपारण सत्याग्रहामुळे. याच गावी २५ जून १९०३ रोजी एरिक आर्थर ब्लेअर या इंग्रज मुलाचा जन्म झाला. वडील सरकारच्या अफू खात्यात नोकरीला होते. एरिक जेमतेम वर्षाचा असताना आई त्याला घेऊन इंग्लंडला गेली. पुढे जगाने त्याला ओळखले ते जॉर्ज ऑर्वेल या नावाने.

शिष्यवृत्तीच्या बळावर तो ईटनच्या नामांकित शाळेत शिकला. विद्यापीठात मात्र गेला नाही. १९२२ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी म्हणून रुजू झाला. आज माझेही वय तेवढेच. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. सरकारी नोकरीचे मोल काय, ते आमच्यासारख्या घरांना विचारावे! म्हणूनच पाच वर्षांनी, १९२७ साली, त्याने ही नोकरी सोडली हे वाचून मी थबकले. तुरुंग, फाशी, गोऱ्या साहेबांचा तोरा हे सारे त्याने जवळून पाहिले होते. या अन्यायाचे आपणही एक हत्यार आहोत, ही टोचणी त्याला सहन होईना.

पॅरिसच्या हॉटेलात त्याने भांडी घासली, लंडनमध्ये भटक्यांच्या आश्रयगृहांत रात्री काढल्या. त्या अनुभवांवरचे ‘डाऊन अँड आऊट इन पॅरिस अँड लंडन’ हे पुस्तक १९३३ साली निघाले, तेव्हा त्याने ऑर्वेल नदीवरून आपले टोपणनाव घेतले. १९३४ साली ‘बर्मीज डेज’ ही कादंबरी आली. १९३६ साली तो उत्तर इंग्लंडमधील कोळसा कामगारांत राहिला, खाणीतही उतरला. इथे एक शंका मनात येते. हौसेने गरिबीत उतरणाऱ्याला परतीची वाट असते. गरिबीत जन्मणाऱ्याला कुठली? पण ऑर्वेलला हा फरक कळत होता. कष्टकऱ्यांविषयी आपल्या वर्गाने लहानपणी शिकवलेली किळसही त्याने ‘द रोड टू विगन पिअर’मध्ये लपवली नाही.

१९३६च्या अखेरीस तो स्पेनच्या यादवी युद्धात फ्रँकोच्या विरोधात लढायला गेला. मे १९३७ मध्ये गोळी त्याच्या गळ्यातून आरपार गेली. तो थोडक्यात वाचला. पण जखमेहून अधिक जिव्हारी लागले ते दुसरेच. तो ज्या पक्षाच्या पथकात होता, त्याच पक्षाला आपल्याच बाजूच्या कम्युनिस्टांनी देशद्रोही ठरवले. पत्नी आयलीनसह त्याला पळून जावे लागले. हे सत्य सांगणाऱ्या ‘होमेज टू कॅटलोनिया’च्या अवघ्या १५०० प्रती छापल्या गेल्या, त्याही त्याच्या हयातीत संपल्या नाहीत. तो समाजवादी राहिला. पण समाजवादाच्या नावाने बोललेले खोटे त्याने खपवून घेतले नाही.

१९४१ ते १९४३ या काळात तो बी.बी.सी.च्या भारतासाठीच्या विभागात होता. त्याने लिहिलेली वार्तापत्रे मराठीतही अनुवादित होऊन प्रसारित होत. वेणू चितळे या मराठी लेखिका तिथे त्याच्या सहकारी होत्या. नंतर त्याने ‘अ‍ॅनिमल फार्म’ लिहिली. रशिया तेव्हा युद्धातला दोस्त. त्यामुळे अनेक प्रकाशकांनी हस्तलिखित परत केले. शेवटी ऑगस्ट १९४५ मध्ये ते छापले गेले. मालकाला हाकलून स्वतंत्र झालेले प्राणी डुकरांचे गुलाम कसे होतात, ही साधी गोष्ट शेतकऱ्याच्या मुलीला समजावून सांगावी लागत नाही.

त्याच वर्षी मार्चमध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी आयलीन वारली होती. दत्तक मुलगा लहान, स्वतःला क्षय. अशा अवस्थेत स्कॉटलंडच्या जुरा बेटावर राहून त्याने ‘नाईन्टीन एटी-फोर’ पुरी केली. ती जून १९४९ मध्ये आली आणि २१ जानेवारी १९५० रोजी, ४६व्या वर्षी, लंडनच्या रुग्णालयात तो गेला.

ऑर्वेल वाचला म्हणून मी नोकरीचा अर्ज फाडून टाकणार नाही. धाकटी भावंडे अजून शिकायची आहेत. पण ब्रह्मदेशात वर्दी अंगावर असतानाही त्याचे डोळे उघडे होते. उद्या मला खुर्ची मिळालीच, तर समोर अर्ज घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाकडे तेवढ्या उघड्या डोळ्यांनी पाहता आले पाहिजे.