बायकांचे दुःख लिहिणारे कै. हरिभाऊ आपटे



अमेरिकेत पूर्वी काळ्या माणसांना गुरांसारखे विकत असत. हॅरिएट स्टो या लेकुरवाळ्या बाईने त्या गुलामांची करुण कथा वर्तमानपत्रातून क्रमशः लिहिली. १८५२ साली तिचे पुस्तक निघाले. ते घरोघर वाचले गेले आणि पुष्कळांची मने पालटली. १८६५ साली तेथील गुलामगिरी कायद्याने बंद झाली. आपल्याकडे घरातल्याच एका गुलामीवर अशी कथा लिहिली ती कै. हरि नारायण आपटे यांनी.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशात पारोळे येथे झाला. आई लहानपणीच गेली. पुण्याच्या शाळेत टिळक-आगरकर त्यांचे गुरू होते. कॉलेजची पदवी काही हाती आली नाही, पण वाचन अफाट. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले. त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. १८९३ साली तिचे पुस्तक झाले.

यात यमू आपली हकीकत आपणच सांगते. लहानपणी लग्न, सासुरवास, मायाळू नवरा, मग वैधव्य आणि जबरदस्तीने केलेले केशवपन. पुरुषाने लिहिले असूनही सारे एखाद्या बाईने सांगावे तसे आहे. त्याच १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला. काळ असा हळूहळू पालटत होता. हरिभाऊंनी ‘उषःकाल’सारख्या ऐतिहासिक कादंबऱ्याही लिहिल्या. ३ मार्च १९१९ रोजी ते वारले.

मी सातवी शिकलेली. दुपारची कामे आटोपून महिनाभर ही कादंबरी वाचली. माझ्या पणजीची बहीण अशीच सोवळी होती, तिची आठवण होऊन डोळे भरून आले. पण लाजही वाटली. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, संक्रांतीला, मी हळदीकुंकू केले. शेजारच्या वहिनींना मात्र बोलावले नाही. त्यांचे यजमान वारले, एवढाच त्यांचा अपराध!

२०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एका खेड्याला जमले ते आपल्याला का जमू नये? यंदा वाणाचे पहिले ताट मी वहिनींच्या हाती देणार आहे. भगिनींनो, आपण तरी लक्षात घेऊ या.