बीबी जुलियाना : मोगल दरबारातील एक ख्रिस्ती स्त्री

आपल्या धर्मप्रांतातील बीड, धारूर ही नावे मोगल कागदपत्रांत औरंगाबाद सुभ्याखाली येतात. औरंगजेब बादशहाच्या आयुष्याची अखेरची पंचवीस वर्षे दख्खनच्या मोहिमेत गेली. त्याचे देहावसान १७०७ साली अहमदनगर येथे झाले आणि कबर खुलताबादेत आहे. हा इतिहास आपण शाळेत शिकलो. परंतु त्याच राजकुटुंबाच्या सेवेत एक कॅथोलिक स्त्री होती, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. तिचे नाव जुलियाना दियास द कोस्ता.

हिंदुस्थानात येऊन राहिलेल्या एका पोर्तुगीज कुटुंबातील ही कन्या. १६३२ मध्ये शहाजहानच्या फौजेने बंगालमधील हुगळीची पोर्तुगीज वसाहत जिंकली व शेकडो ख्रिस्ती बंदिवान आग्र्यास आणले. तेव्हापासून मोगलांच्या राजधान्यांत परदेशी वंशाचे ख्रिस्ती समाज वाढत गेले. वैद्यकी, तोफखाना व चाकरी ही त्यांची उपजीविकेची साधने होती. जुलियानाबाईंचे वडील वैद्य होते, असे सांगितले जाते. त्या स्वतः जनानखान्याच्या सेवेत दाखल झाल्या आणि औरंगजेबाचा पुत्र शहजादा मुअज्जम याच्या परिवाराशी त्यांचे आयुष्य जोडले गेले.

त्यांची खरी कसोटी १६८७ मध्ये लागली. गोवळकोंड्याच्या वेढ्यात शहजाद्याने कुतुबशहाशी गुप्त संधान बांधल्याचा संशय बादशहास आला. त्याने मुअज्जमला बायकामुलांसह कैद केले. केस व नखे कापण्याची मनाई झाली; थंड पाणी व रुचकर अन्न बंद झाले. ही कैद सुमारे सात-आठ वर्षे चालली. बादशहाची इतराजी झालेल्या माणसाच्या सावलीलाही दरबारी लोक उभे राहत नसत. ज्याच्याकडून वतन, बक्षीस वा साधी शाबासकीही मिळण्याची आशा उरली नव्हती, अशा धन्याच्या कुटुंबाची सेवा या बाईंनी सोडली नाही. त्यांचे पुढील वैभव इतिहासकारांनी रंगवून सांगितले आहे. मला मात्र त्या वैभवापेक्षा ही वर्षे मोठी वाटतात.

इथे मराठी वाचकाच्या मनात एक काटा सलल्यावाचून राहणार नाही. याच वर्षांत, १६८९ मध्ये, याच बादशहाच्या हुकमाने छत्रपती संभाजी महाराजांची हत्या झाली. महाराणी येसूबाई व बाल शाहूराजे मोगलांच्या कैदेत पडले. त्या घराण्याची सेवा करणाऱ्या स्त्रीचे स्मरण आपण कोणत्या तोंडाने करावे? हा प्रश्न टाळू नये. जुलियानाबाईंनी राज्य चालविले नाही, युद्धे आखली नाहीत. त्या ज्याच्याजवळ राहिल्या तो शहजादा त्या काळात स्वतःच बापाचा बंदिवान होता. तरीही मोगलांच्या पदरी असण्याचे ओझे त्यांच्या चरित्रावर राहते, आणि ते पुसून त्यांचे निर्दोष चित्र रंगवावे, असे मला वाटत नाही.

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ च्या जूनमध्ये आग्र्याजवळ जाजऊ येथे भाऊबंदकीची लढाई झाली. तीत मुअज्जम विजयी झाला व बहादूरशहा या नावाने तख्तावर बसला. लढाईत जुलियानाबाई त्याच्याबरोबर हत्तीवर होत्या, असे जुने वृत्तान्त सांगतात. त्यानंतर त्यांच्या शब्दाला दरबारात मोठे वजन आले. १७११ च्या अखेरीस डच वकील केटेलार लाहोरला आला, तेव्हा त्याचे दरबारातील काम पुढे सरकविण्यात त्यांचा हात होता. गोव्याच्या पोर्तुगीज राज्यकर्त्यांचाही त्यांच्याशी पत्रव्यवहार होता.

मिळालेले वजन त्यांनी ख्रिस्तसभेच्या कामी लावले. दिल्ली-आग्र्याकडील येशूसंघीय धर्मगुरूंना त्यांचा मोठा आधार वाटे. तिबेटला जाण्यासाठी निघालेले इटालियन धर्मगुरू इप्पोलितो देसिदेरी १७१४ मध्ये दिल्लीत होते; त्यांनी आपल्या लेखनात या बाईंची आदराने नोंद घेतली आहे. ज्या दरबारात धर्मांतराने बढतीची वाट सोपी झाली असती, तिथे त्या अखेरपर्यंत उघडपणे ख्रिस्ती राहिल्या.

बहादूरशहा १७१२ मध्ये वारला. पाठोपाठ तख्तासाठी रक्तपात सुरू झाला. बादशहा बदलत गेले. त्या पडझडीतही जुलियानाबाईंचा मान बऱ्याच अंशी टिकला. १७३० नंतरच्या तीन-चार वर्षांत त्यांचे निधन झाले. पुढे त्यांच्या नात्यातील मुलीशी विवाह केलेल्या जाँतिय या फ्रेंच अधिकाऱ्यासाठी त्यांचे चरित्र फारसीत लिहिले गेले.

दिल्लीत ओखला भागात सराय जुलेना नावाची वस्ती आहे. वाटसरूंसाठी जुलियानाबाईंनी तिथे सराई बांधली होती, त्यावरून हे नाव पडले. सराई आता राहिलेली नाही. वस्तीला लागूनच होली फॅमिली हे कॅथोलिक रुग्णालय आहे. तिथे येणारे रुग्ण रिक्षावाल्याला आजही जुलेनाचाच पत्ता सांगतात.