इव्हान पाव्हलोव्ह

इव्हान पेत्रोविच पाव्हलोव्ह (२६ सप्टेंबर १८४९ – २७ फेब्रुवारी १९३६) हे रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. पचनक्रियेवरील संशोधनासाठी त्यांना १९०४ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा सन्मान मिळवणारे ते पहिले रशियन होत. मात्र त्यांची कीर्ती मुख्यतः कुत्र्यांवरील अभिसंधित प्रतिक्षेपाच्या अभ्यासामुळे टिकून आहे. प्राणी शिकतो कसा, शिकलेले विसरतो कसा आणि लक्ष विचलित झाल्यावर त्याचे काय होते, या प्रश्नांना त्यांनी प्रयोगाची शिस्त लावली. कुत्र्याला हाकेसरशी परत येण्यास शिकवण्याच्या आजच्या पद्धतींचा एक पाया या कार्यात आहे.

बालपण व शिक्षण

पाव्हलोव्ह यांचा जन्म रशियातील र्‍याझान येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. लहानपणी उंचावरून पडून झालेल्या दुखापतीमुळे त्यांचे शालेय शिक्षण वयाच्या अकराव्या वर्षापर्यंत लांबले. वडिलांप्रमाणे धर्मसेवेत जाण्यासाठी ते धर्मशिक्षण विद्यालयात दाखल झाले. तथापि इव्हान सेचेनोव्ह यांच्या मेंदूच्या प्रतिक्षेपांवरील लेखनाचा त्यांच्यावर प्रभाव पडला. १८७० मध्ये ते निसर्गविज्ञान शिकण्यासाठी सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात गेले. १८७५ मध्ये तेथील पदवी घेतल्यानंतर त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले. हृदयाच्या मज्जातंतूंवरील प्रबंध त्यांनी १८८३ मध्ये सादर केला. त्यानंतर जर्मनीत कार्ल लुडविग व रुडॉल्फ हायडेनहाइन यांच्या प्रयोगशाळांत त्यांनी काम केले.

पचनसंस्थेवरील संशोधन

१८९० मध्ये ते लष्करी वैद्यकीय अकादमीत प्राध्यापक झाले. १८९१ पासून प्रायोगिक वैद्यक संस्थेतील शरीरक्रियाशास्त्र विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली. शस्त्रक्रियेनंतर कुत्रा बरा होऊन नेहमीसारखा जगत असताना त्याच्या ग्रंथींचे निरीक्षण करणे, ही त्यांच्या पद्धतीची विशेषता होती. त्यासाठी कुत्र्यांच्या शरीरावर कायमची छिद्रे ठेवली जात. काही प्रयोगांत अन्ननलिका छेदून गिळलेले अन्न जठरात पोहोचू दिले जात नसे, तरीही जठररस स्रवत असे. या प्रयोगांतील वेदनांबद्दल प्राणिप्रेमी संघटनांनी पाव्हलोव्ह यांच्यावर टीका केली. पचनग्रंथींवरील त्यांचा ग्रंथ १८९७ मध्ये प्रसिद्ध झाला.

अभिसंधित प्रतिक्षेप

अन्न तोंडात पडण्यापूर्वीच, ते आणणाऱ्या माणसाच्या चाहुलीने कुत्र्यांना लाळ सुटते, हे प्रयोगशाळेत वारंवार दिसत होते. प्रारंभी अडथळा वाटलेल्या या घटनेलाच पाव्हलोव्ह यांनी अभ्यासविषय केले. १९०३ मध्ये माद्रिद येथील आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत त्यांनी हा विषय मांडला. तटस्थ संकेतानंतर लगेच अन्न देण्याची पुनरावृत्ती केली, की पुढे केवळ संकेतानेही लाळ सुटते. लोकमानसात यासाठी घंटाच रुजली असली, तरी त्यांच्या प्रयोगांत ताल देणारा मेट्रोनोम, बझर, दिवे आणि त्वचेला होणारा स्पर्श अशी अनेक साधने होती.

संकेत पुन्हा पुन्हा देऊन अन्न दिले नाही, तर प्रतिसाद क्षीण होत जातो. याला विलोपन म्हणतात. काही काळाच्या विश्रांतीनंतर तो अंशतः परततो, यावरून शिकलेले पूर्णपणे पुसले जात नाही असे दिसून आले. एका संकेताला शिकलेला प्रतिसाद त्यासारख्या इतर संकेतांनाही मिळतो. हे सामान्यीकरण होय.

विचलनाचा अभ्यास

सहायकाने कुत्र्यात घडवलेला प्रतिसाद पाहण्यासाठी पाव्हलोव्ह स्वतः खोलीत आले, की तो पुष्कळदा नाहीसा होई. नव्या माणसाकडे, आवाजाकडे वा वासाकडे वळण्याच्या उपजत प्रवृत्तीला त्यांनी अन्वेषण प्रतिक्षेप मानले. या प्रवृत्तीमुळे शिकलेली क्रिया दबते, त्यास बाह्य निरोध हे नाव मिळाले. कुत्रा हट्टी नसून एक प्रतिक्षेप दुसऱ्यावर मात करतो, असा याचा अर्थ होता. बाहेरचा आवाज व हादरे टाळण्यासाठी जाड भिंतींची स्वतंत्र प्रयोगशाळा उभारण्यात आली. ती शांततेचा मनोरा म्हणून ओळखली जाते. तेथे प्रयोगकर्ता कुत्र्याच्या खोलीबाहेर बसत असे.

सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडमध्ये आलेल्या पुरात कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत पाणी शिरले. त्यांना मोठ्या कष्टाने वाचवण्यात आले, परंतु काहींचे पक्के झालेले प्रतिसाद नष्ट झाले होते. भीतीचा शिक्षणावर होणारा परिणाम आणि कुत्र्याकुत्र्यांतील स्वभावभेद यांकडे यानंतर त्यांनी अधिक लक्ष दिले.

क्रांतीनंतरचा काळ

१९१७ च्या क्रांतीनंतरच्या यादवी युद्धात अन्नटंचाईमुळे प्रयोगशाळेतील कुत्रीही दगावली. १९२१ मध्ये लेनिनच्या आदेशाने त्यांच्या संशोधनाला विशेष सवलती मिळाल्या. तरीही त्यांनी राजवटीवर उघड टीका केली. धर्मोपदेशकांच्या मुलांना लष्करी वैद्यकीय अकादमीतून काढल्याच्या निषेधार्थ त्यांनी १९२४ मध्ये तेथील पदाचा राजीनामा दिला. १९३५ मध्ये लेनिनग्राड येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय शरीरक्रियाशास्त्र परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. त्याच वर्षी प्रायोगिक वैद्यक संस्थेच्या आवारात प्रयोगांतील कुत्र्यांचे स्मारक उभारण्यात आले. न्यूमोनियाने लेनिनग्राड येथेच त्यांचे निधन झाले.

श्वानप्रशिक्षणावरील प्रभाव

पाव्हलोव्ह यांनी कुत्र्यांना आज्ञापालन शिकवले नाही. हाकेला धावून येणे ही ऐच्छिक कृती असून तिचे स्पष्टीकरण एडवर्ड थॉर्नडाइक व बी. एफ. स्किनर यांच्या परिणामाधारित शिक्षणाच्या सिद्धान्तात मिळते. परंतु हाकेला अर्थ कसा प्राप्त होतो, हे पाव्हलोव्ह यांच्या कार्यावरून समजते. ठरावीक शब्दानंतर प्रत्येक वेळी आवडता खाऊ मिळाला, तर तो शब्द सुखद अपेक्षा जागवतो. त्याच शब्दानंतर रागावणे, बांधून ठेवणे किंवा खेळ थांबवणे घडत गेले, तर तो नकोसा होतो. प्रतिसाद नसताना हाका मारत राहिल्यास विलोपन घडते. म्हणून प्रशिक्षक आधी निवांत अंगणात, मग लांब दोरी बांधून मोकळ्या जागेत आणि शेवटी वर्दळीत सराव घेतात.

किशोरवयीन कुत्र्यांत ही अडचण अधिक जाणवते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात सुमारे आठ महिन्यांची कुत्री आपल्या पालकाची आज्ञा पूर्वीपेक्षा कमी पाळतात, असे आढळले. हा टप्पा तात्पुरता असतो.

बिबट्यांचा वावर असलेल्या प्रदेशात हाकेचे महत्त्व वाढते. भंडारदरा ज्या अकोले तालुक्यात आहे, तेथील खोऱ्यातील एका अभ्यासात बिबट्याच्या आहारात पाळीव कुत्र्यांचा वाटा सर्वाधिक आढळला. अशा ठिकाणी संध्याकाळी पहिल्या हाकेला घरी परतणारा कुत्रा अधिक सुरक्षित राहतो.