विस्मृतीचा माग काढणारा डॉक्टर : आलॉइस अल्झायमर

साठी बुद्धी नाठी ही म्हण आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. म्हातारे माणूस विसरू लागले की वयाकडे बोट दाखवून आपण मोकळे होतो. मानसशास्त्राच्या तासाला मी अल्झायमर हे नाव प्रथम ऐकले ते एका रोगाचे म्हणून. त्यामागे हाडामांसाचा माणूस होता, हे पुढे वाचनातून कळले. माझ्या आजीची स्मृती गेली तीन वर्षे विरत चालली आहे. त्यामुळे हे चरित्र मी केवळ परीक्षेपुरते वाचले नाही.

आलॉइस अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी बव्हेरियातील मार्क्टब्राइट या लहानशा गावी झाला. वुर्झबर्ग विद्यापीठात कानातील मळ तयार करणाऱ्या ग्रंथींवर प्रबंध लिहून ते डॉक्टर झाले आणि १८८८ मध्ये फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. तेथील संचालक सिओली रुग्णांना बांधून ठेवण्याच्या विरुद्ध होते. अल्झायमरही त्याच विचाराचे. पुढच्याच वर्षी फ्रांझ निस्ल हे सहकारी लाभले. पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात त्यांचा हातखंडा होता. दिवसा रुग्ण आणि रात्री सूक्ष्मदर्शक असा दोघांचा क्रम सुरू झाला.

१९०१ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात फार मोठे ठरले. त्या वर्षी पत्नी सेसिली तीन लहान मुले मागे ठेवून वारली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई रुग्णालयात दाखल झाली. तिचा नवरा रेल्वेत कारकून होता. ती त्याच्यावर विनाकारण संशय घेई, वस्तू लपवून ठेवी, स्वयंपाकात चुका करी. अल्झायमर तिच्याजवळ बसून साधे साधे प्रश्न विचारीत आणि उत्तरे जशीच्या तशी टिपून ठेवीत. नवऱ्याचे नाव विचारले तर ती स्वतःचेच सांगे. पानात फ्लॉवर असताना पालक खात असल्याचे सांगे. स्वतःचे नाव लिहितानाही ती मध्येच अडखळे. इतक्या बारकाईने एका विसरभोळ्या बाईचे ऐकून घेणारा डॉक्टर त्या काळी विरळाच म्हणावा लागेल.

१९०३ मध्ये ते प्रसिद्ध मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांच्याकडे गेले. प्रथम हायडेलबर्गला, मग म्युनिचला. पण ऑगस्टेचा त्यांना विसर पडला नाही. एप्रिल १९०६ मध्ये ती वारली, तेव्हा त्यांनी तिचा मेंदू तपासणीसाठी मागवून घेतला. चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या पातळ कापांत त्यांना दोन गोष्टी दिसल्या. पेशींच्या बाहेर कसल्याशा पदार्थाच्या गुठळ्या साचल्या होत्या आणि पेशींच्या आत तंतूंचे गुंते झाले होते. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेन येथील परिषदेत त्यांनी हे मांडले. सभेत कोणी एक प्रश्नही विचारला नाही. १९१० मध्ये क्रेपेलिननी आपल्या ग्रंथात या रोगाला अल्झायमरचे नाव दिले. तरी पुढे कित्येक वर्षे तो मध्यमवयीनांचाच दुर्मीळ रोग समजला गेला. म्हाताऱ्यांचे विसरणे वयाच्याच खात्यावर राहिले.

१९१२ मध्ये ब्रेस्लाऊ येथे प्राध्यापकपद स्वीकारायला जात असताना वाटेतच ते आजारी पडले. त्या आजारातून ते पुरते उठलेच नाहीत. १९ डिसेंबर १९१५ रोजी, ५१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ऑगस्टे रुग्णालयात आली तेव्हा तिचे वयही तेवढेच होते.

अल्झायमरना जे दिसले ते रुग्णाच्या मृत्यूनंतर. जिवंतपणी निदान कसे करायचे, हा प्रश्न मागे राहिला. १९८४ मध्ये ग्लेनर व वाँग यांनी गुठळ्यांतील अमायलॉइड हे प्रथिन ओळखले. गुंते टाऊ नावाच्या प्रथिनाचे असतात, हेही त्याच दशकात समजले. मग या प्रथिनांचा माग शरीरातील द्रवांत घेता येऊ लागला. अशा खुणांना बायोमार्कर म्हणतात. अमायलॉइड मेंदूतच साचून राहिल्याने पाठीच्या कण्यातून काढलेल्या द्रवात त्याचे एक रूप कमी आढळते. टाऊ मात्र वाढलेले असते. २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लक्षणे असलेल्या रुग्णांसाठी या दोन प्रथिनांचे प्रमाण पाहणाऱ्या रक्ततपासणीला मान्यता दिली. सूक्ष्मदर्शकाखाली शोधावे लागले ते आता रक्ताच्या नमुन्यात शोधता येते.

रोग बरा करणारे औषध नसताना तो आधी कळून काय उपयोग, असा प्रश्न माझ्या वडिलांनी मला विचारला. मला वाटते, उपयोग आहे. थायरॉइड किंवा बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही विसरणे वाढते आणि त्यावर उपाय असतो. तेव्हा कारण कोणते, हे कळलेच पाहिजे. रोगाची गती थोडी मंद करणारी नवी औषधेही सुरुवातीच्या अवस्थेतच देतात. शिवाय माणूस मुद्दाम त्रास देत नाही, हे घरच्यांना वेळेवर समजते.

मात्र रक्ताच्या आकड्यांवरून माणूस कळत नाही. ऑगस्टेची हरवलेली कागदपत्रे १९९५ मध्ये फ्रँकफुर्टला सापडली. त्यांत तिची उत्तरे होती, तिचे डळमळते अक्षर होते. सूक्ष्मदर्शकाकडे वळण्याआधी अल्झायमर रुग्णाशेजारी बसले होते. आपल्या घरातल्या विसरत्या माणसाशेजारी तेवढे बसणे आपल्यालाही जमण्यासारखे आहे.