नगरच्या किल्ल्यातला कोल्हापूरचा राजा

नगरचा भुईकोट किल्ला म्हटलं की आपल्याला दोन नावं आठवतात. एक चांदबिबी, दुसरे पंडित नेहरू. 1942 ते 1945 या काळात नेहरू, पटेल, मौलाना आझाद वगैरे मंडळी इथे कैदेत होती आणि नेहरूंनी आपला भारताच्या शोधाचा ग्रंथ इथेच लिहिला, हे फर्स्ट इयरच्या मुलालाही माहीत असतं. पण त्याच्याही साठ वर्षं आधी याच किल्ल्यात एक राजा मेला. तोही कोल्हापूरच्या छत्रपतींच्या गादीवरचा, आणि वयाने आपल्या थर्ड इयरच्या पोरांएवढा. त्याचं नाव मात्र होस्टेलवर दहा जणांना विचारलं तर एकाला तरी सांगता येईल की नाही, शंकाच आहे.

हे चौथे शिवाजी महाराज. (थोरल्या शिवछत्रपतींपासून मोजणारे वेगळा आकडा सांगतात. कोल्हापूरच्या गादीच्या हिशोबाने हे चौथे.) जन्म 5 एप्रिल 1863. मूळ नाव नारायणराव, आडनाव भोसलेच, पण घराणं धाकट्या शाखेतलं. सगळं सुरळीत असतं तर हा मुलगा शेतीवाडी, इनामं बघत सुखाने जगला असता. पण 1870 साली फार लांब, थेट इटलीत, एक घटना घडली आणि त्याचं आयुष्यच फिरलं.

कोल्हापूरचे तेव्हाचे छत्रपती राजाराम महाराज त्या वर्षी युरोपच्या प्रवासाला गेले होते. तरुण, शिकलेले, रोजनिशी लिहिणारे. इंग्लंडमध्ये त्यांनी व्हिक्टोरिया राणीची भेट घेतली. परत येताना फ्लॉरेन्स शहरात आजारी पडले आणि 30 नोव्हेंबर 1870 ला वारले. वय अवघं वीस. आर्नो नदीला मुन्योने नावाची लहान नदी मिळते, त्या संगमावर हिंदू पद्धतीने त्यांचं दहन झालं. तिथे पुढे छत्री उभारली, तीत त्यांचा अर्धपुतळा बसवला. सिव्हिलवाल्यांसाठी खास माहिती: तिथून जवळच 1978 मध्ये पूर्ण झालेला केबल-स्टेड पूल आहे आणि त्याला लोक 'इंडियानो' म्हणजे भारतीयाचा पूल म्हणतात. तो भारतीय म्हणजे आपले राजाराम महाराज!

त्यांना मूल नव्हतं. म्हणून 1871 मध्ये आठ वर्षांच्या नारायणरावांना दत्तक घेतलं आणि शिवाजी हे नाव देऊन गादीवर बसवलं.

आता हे राज्य केवढं? युरोपात मोनॅको, लिख्टेनश्टाइन अशी चिमुकली श्रीमंत संस्थानं आहेत, तिथली राजघराणी आजही टिकून आहेत आणि टूरवाले लोकांना त्यांचे वाडे दाखवत हिंडवतात. मोनॅको तर जेमतेम दोन चौरस किलोमीटर. कोल्हापूर संस्थानात लिख्टेनश्टाइन कितीतरी वेळा मावलं असतं. पण सत्ता? 1844 च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी कारभार आपल्या हाती ओढला होता. 1857 च्या धामधुमीनंतर तर राजाचे भाऊ चिमासाहेब यांना पार कराचीला नेऊन ठेवलं. तेव्हा आठ वर्षांच्या राजाला शिक्षक कोण, नोकर कोण, भेटायला कोण येणार, हे सारं पोलिटिकल एजंट आणि त्याच्या मर्जीतले कारभारी ठरवणार हे उघडच होतं.

1875 मध्ये इंग्लंडचे युवराज मुंबईला आले तेव्हा त्यांच्या भेटीला गेलेल्या राजेरजवाड्यांत हा बारा वर्षांचा मुलगा होता, दागिन्यांनी मढवलेला. आपण बाराव्या वर्षी काय करत होतो ते आठवून बघा.

पुढे लग्न झालं आणि वय वाढलं, पण कारभार काही हाती आला नाही. मग बातमी आली की महाराजांचं डोकं ठिकाणावर नाही. सरकार म्हणे वेड लागलंय. गावात कुजबूज अशी की वेड लागलेलं नाही, लावलं जातंय; गोरे रखवालदार त्यांना मारहाण करतात. पुण्यात नुकताच, 1881 मध्ये, 'केसरी' निघाला होता. टिळक आणि आगरकर दोघेही पंचविशीतले. त्यांनी कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर सडकून लिहिलं. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. ज्या पत्रांच्या भरवशावर लिहिलं होतं ती बनावट निघाली. माफी मागूनही जुलै 1882 मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात ते 101 दिवस होते; आगरकरांनी त्यावर पुस्तकच लिहिलं. खटल्याच्या मदतीसाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातल्या मुलांनी नाटक केलं, त्यात गोपाळ कृष्ण गोखले नावाच्या विद्यार्थ्याने स्त्री-भूमिका केली होती. गॅदरिंगची परंपरा अशी जुनी आहे!

टिळक-आगरकर सुटले, मिरवणुकीने घरी गेले. ज्याच्यासाठी हे सारं झालं तो मात्र सुटला नाही. पत्रं खोटी ठरली म्हणजे छळही खोटा ठरला, असं सोयीचं गणित सरकारने मांडलं असावं. 1882 मध्येच कागलचे जयसिंगराव घाटगे यांना रीजंट नेमलं आणि पुढे महाराजांना कोल्हापुरातून उचलून आपल्या नगरच्या किल्ल्यात आणलं. तटाभोवती खंदक, आत लष्कर, आणि सोबतीला ग्रीन नावाचा गोरा शिपाई.

25 डिसेंबर 1883. नाताळचा दिवस. महाराजांची आणि ग्रीनची झटापट झाली आणि त्यात महाराज गेले. सरकारचं म्हणणं, झटापटीत पडून प्लीहा फुटली. लोकांचं म्हणणं, मारलं.

महाराज खरोखर वेडे होते का, यावर अजूनही वाद घालतात. मला तो वाद दुय्यम वाटतो. समजा, होते आजारी. मग वीस वर्षांच्या आजारी मुलाजवळ वैद्य हवा, घरचं माणूस हवं. त्याच्या उशाशी पलटणीतला शिपाई कशाला? एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर सरकारच्या कुठल्याही खुलाशात बसत नाही.

महाराजांनाही मूल नव्हतं. त्यांच्या राणी आनंदीबाई यांनी 17 मार्च 1884 ला रीजंट घाटग्यांचाच नऊ वर्षांचा मुलगा यशवंतराव दत्तक घेतला. तेच राजर्षी शाहू महाराज. 1894 मध्ये कारभार हाती येताच त्यांनी काय काय केलं ते सर्वांना ठाऊक आहे. कोल्हापुरात त्यांनी जातीजातीच्या मुलांसाठी काढलेली वसतिगृहं आपण होस्टेलवाल्यांनी तरी विसरू नयेत.

चौथ्या शिवाजी महाराजांची समाधी नगर शहरातच आहे. रविवारी मेसला सुट्टी असली की आपण गावात पिक्चरला जातोच. जाता जाता कुणालाही विचारा, रस्ता सांगतील.