सातासमुद्रापलीकडचे माहेर

महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणाऱ्या आपल्या शाळेला घराची ओढ म्हणजे काय, हे निराळे सांगावे लागत नाही. येथील अनेक कुटुंबे बदलीच्या गावातून बदलीच्या गावी आलेली. आणि येथे वाढलेली मुले शिक्षणासाठी त्याहूनही दूर गेलेली. हीरकमहोत्सवाच्या निमित्ताने या ओढीचा विचार करताना मला डॉ. आनंदीबाई जोशी यांचे स्मरण होते.

त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा, माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचा विवाह टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. चौदाव्या वर्षी झालेला मुलगा अवघे दहा दिवस जगला, आणि त्या दुःखातून वैद्यकी शिकण्याचा निश्चय जन्मला. पतीच्या बदल्यांबरोबर त्या अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता आणि श्रीरामपूर अशा फिरल्या. परमुलखात पतीसह रस्त्याने चालल्या, तरी लोक टोचून बोलत. परकेपणाची ओळख त्यांना बोटीवर पाय ठेवण्यापूर्वीच झाली होती.

गोपाळरावांचे एक पत्र अमेरिकेतील मिशनरी मासिकात छापले गेले. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांनी ते दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असता वाचले आणि आनंदीबाईंना पत्र लिहिले. पुढे पत्रव्यवहार इतका जिव्हाळ्याचा झाला, की आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. ७ एप्रिल १८८३ रोजी, वयाची अठरा वर्षे नुकतीच पूर्ण झालेली असताना, त्या पतीवाचून कलकत्त्याहून निघाल्या व ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. तेथे पोहोचण्यापूर्वीच त्यांनी तेथे एक नाते जोडून ठेवले होते, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

ऑक्टोबरात त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि मावशीचे घर सुटले. कडाक्याची थंडी, धुराने भरणारी शेगडी, शाकाहारामुळे होणारी आबाळ आणि पाठीमागे लागलेली दुखणी. घरच्या पत्राला महिना-महिना लागे. आणि ते आल्यावर त्यातून दिलासाच मिळे असेही नाही. गोपाळरावांची काही पत्रे संशयाने व कटू शब्दांनी भरलेली असत. आनंदीबाईंनी ते मुकाट्याने गिळले नाही. आपले मन किती दुखावले, हे त्यांनी उत्तरात स्पष्टपणे लिहिले.

साडी, कुंकू आणि आपला आहार त्यांनी सोडला नाही. मात्र थंडीत नऊवारीने पाय उघडे पडतात म्हणून गुजराती पद्धतीची साडी नेसण्याचा बदल त्यांनी विचारपूर्वक स्वीकारला. आपलेपण राखायचे ते कोठे आणि वाकायचे ते कोठे, याचा विवेक त्यांच्या ठायी होता. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्र हा होता. दूरदेशी बसूनही त्यांचे मन आपल्या बायाबापड्यांपाशीच होते. घराची ओढ त्यांनी अभ्यासाच्या कामी लावली.

कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूक घेऊन त्या नोव्हेंबर १८८६ मध्ये परतल्या, त्या क्षयाने पोखरलेल्या शरीरानिशी. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. त्यांच्या अस्थी मावशीकडे अमेरिकेत पाठविण्यात आल्या, आणि पोकिप्सी येथील कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना जागा मिळाली.

पूर्वी बाहेरगावी निघालेल्या विद्यार्थ्याला मी घट्ट राहा, रडू नकोस, असे सांगत असे. आनंदीबाईंचे चरित्र पुनःपुन्हा वाचल्यावर ते सांगणे मला अपुरे वाटू लागले. त्यांचे धैर्य अपूर्व होते, पण धैर्याने शेगडी पेटत नाही आणि पोटही भरत नाही. म्हणून आता मी सांगते, की आठवण येणे हा दुबळेपणा नव्हे. मन दुखले तर लिहावे, बोलावे, नव्या गावात एक तरी मावशी शोधावी, आणि जेवणाची व प्रकृतीची हेळसांड करू नये. पालकांनाही एक विनंती आहे. दूर गेलेल्या मुलाला गुण विचारण्यापूर्वी तो जेवला का, हे विचारावे. आपला शब्द त्याच्यापर्यंत पोहोचेल तेव्हा तो एकटा असेल, याचे भान ठेवावे.

माजी विद्यार्थ्यांनो, तुम्ही ज्या गावी असाल तेथे नव्याने आलेल्या एखाद्या मुलाचे मावशी किंवा काका व्हा. शाळेला त्याहून मोठी गुरुदक्षिणा नको.