विल्यम केरी : लहान मंडळीचे पाळक

विल्यम केरी हें नांव आपल्यापैकीं बहुतेकांनीं ऐकलें असेल. बंगालमधील सेरामपूर येथें त्यांनीं केलेलें शास्त्राच्या भाषांतराचें काम, तेथील छापखाना व विद्यालय यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु हिंदुस्थानांत येण्यापूर्वीं सुमारें आठ वर्षें हेच गृहस्थ इंग्लंडांत गरीब बाप्तिस्त मंडळ्यांची सेवा करीत होते, आणि त्या दिवसांत त्यांचा आठवडा कसा जाई, हें थोड्यांसच ठाऊक आहे. आज आम्ही तीच हकीकत सांगणार आहों. कारण गांवोगांवच्या आमच्या उपदेशकबंधूंस ती आपल्या घरची वाटेल.

केरीसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजीं नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यांतील पॉलर्सपरी या खेड्यांत झाला. त्यांचे वडील एडमंड हे प्रथम विणकर होते व पुढें गांवच्या शाळेचे मास्तर झाले. मुलाला शेतांतील ऊन सोसेना, म्हणून चौदाव्या वर्षाच्या सुमारास वडिलांनीं त्यांस जोडे शिवण्याचा धंदा शिकण्यासाठीं दुसऱ्या गांवीं ठेविलें. तेथें असतांना त्यांनीं एकदां आपल्याजवळचा खोटा शिलिंग धन्याच्या पैशांत खपविण्याचा प्रयत्न केला. ती लबाडी उघडकीस आली, आणि लोकांस तोंड दाखविणेंही त्यांना कठीण झालें. याच काळांत सोबत काम करणाऱ्या जॉन वॉर नांवाच्या तरुणाच्या संगतीनें त्यांचें मन प्रभूकडे वळूं लागलें. ५ ऑक्टोबर १७८३ रोजीं नीन नदींत धाकटे जॉन रायलंड यांच्या हातून त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

त्यापूर्वीं, १७८१ सालीं, त्यांचें लग्न डॉरोथी प्लॅकेट हिच्याशीं झालें होतें. तिला सही करतां येत नव्हती. लग्नाच्या नोंदवहींत तिनें फुली केली. त्यांचें पहिलें मूल, ॲन नांवाची मुलगी, लहानपणींच तापानें वारली. खुद्द केरीसाहेबांनाही त्या तापानें गांठलें व त्यांचे डोक्याचे केस कायमचे गेले. अशा दुःखांत व दारिद्र्यांत त्यांनीं उपदेशास आरंभ केला.

१७८५ सालीं ते मोल्टन या खेड्यांत राहावयास गेले. त्याच वर्षीं ओल्नी येथील मंडळीपुढें त्यांनीं उपदेश केला. पण तो ऐकून मंडळीनें त्यांस लगेच परवानगी दिली नाहीं. आणखी कांहीं दिवस थांबून पुन्हां ऐकावें असें ठरविलें. ते रागावून गेले नाहींत, किंवा दुसरी मंडळीही त्यांनीं शोधली नाहीं. पुढें ऑगस्ट १७८६ मध्यें त्यांस परवानगी मिळाली, आणि १ ऑगस्ट १७८७ रोजीं मोल्टन येथें पाळक म्हणून त्यांची दीक्षा झाली.

मोल्टनची मंडळी लहान व गरीब होती. लंडन येथील निधींतून मिळणारी मदत धरूनही केरीसाहेबांस वर्षाला वीस पौंडांपेक्षां कमी मिळे. म्हणून त्यांनीं गांवांत शाळा घातली. पण जुने मास्तर गांवांत परत येतांच विद्यार्थी कमी झाले. शिवाय मुलांस धाकांत ठेवणें केरीसाहेबांस कधींच जमलें नाहीं. तेव्हां पुन्हां आरी व कातडें हातीं घ्यावें लागलें. तयार जोड्यांची पिशवी खांद्यावर टाकून ते पायीं शहरास जात व नवें कातडें घेऊन परत येत. घरांत पुष्कळ दिवस मांस शिजत नसे.

ज्या खोलींत ते जोडे शिवीत, तेथें भिंतीवर कागदाचे तुकडे चिकटवून केलेला जगाचा एक मोठा नकाशा त्यांनीं टांगला होता. प्रत्येक देशांत लोक किती, त्यांचा धर्म कोणता, हें मिळेल तसें ते त्यावर लिहीत. जवळच लॅटिन, ग्रीक किंवा हिब्रू भाषेचें पुस्तक उघडें असे. केटरिंग येथील जोड्यांचे व्यापारी टॉमस गॉच यांनीं हें पाहिलें, आणि धंदा सोडून अभ्यास करावा म्हणून त्यांस दर आठवड्यास दहा शिलिंग देऊं केले. एका व्यापाऱ्याच्या त्या दहा शिलिंगांचें फळ पुढें किती देशांस मिळालें, याचा हिशेब कोणास करतां येईल?

१७८९ सालीं त्यांस लेस्टर शहरांतील हार्वे लेन मंडळीनें बोलाविलें. तेथें पगाराची ओढ फारशी कमी झाली नाहीं, आणि वर भांडणांचा त्रास आला. मंडळींतील कित्येकांचें वर्तन वाईट होतें. केरीसाहेबांनीं तें झांकून ठेविलें नाहीं. १७९० सालीं त्यांनीं सगळी मंडळी मोडून ती नव्यानें बांधली. देवाच्या वचनाप्रमाणें चालण्याचा करार जे मान्य करतील त्यांसच आंत घेतलें. कांहीं जण दुरावले. पण पुढें मंडळी वाढली.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत त्यांनीं आपल्या वडिलांस एक पत्र लिहून आपला आठवडा कळविला. सोमवारीं भाषांचा अभ्यास व थोडें भाषांतर. मंगळवारीं शास्त्रीय विषय, इतिहास व लेखन. बुधवारीं प्रकटीकरणाच्या पुस्तकावर प्रवचन. गुरुवारीं लोकांच्या भेटी. शुक्रवार व शनिवार हे प्रभूच्या दिवसाच्या तयारीसाठीं, आणि रविवारीं उपदेश. एका पंधरवड्याआड घरच्याच मंडळींत तीन वेळां, नाहींतर संध्याकाळीं शेजारच्या खेड्यांत. याशिवाय शाळा सकाळीं नऊपासून हिवाळ्यांत चारपर्यंत व उन्हाळ्यांत पांचपर्यंत चाले. एवढें सारें सांगून, आपल्यास इतका वेळ तरी कसा मिळतो याचेंच वडिलांस नवल वाटेल, असा भाव त्यांनीं व्यक्त केला.

वाचकहो, या पत्रांत एकाही मोठ्या कार्याची बढाई नाहीं. पण अशाच आठवड्यांतून १७९२ सालचें मिशनकार्याविषयींचें त्यांचें पुस्तक निघालें, आणि २ ऑक्टोबर १७९२ रोजीं केटरिंग येथें बाप्तिस्त मिशनरी सोसायटी स्थापन झाली. त्या दिवशीं तेरा पौंड, दोन शिलिंग, सहा पेन्स एवढी वर्गणी कबूल झाली. पुढल्या वर्षीं केरीसाहेब बंगालला आले.

येथें एक गोष्ट आम्ही लपवूं नये. या सेवेचा सर्वांत जड भार डॉरोथीबाईंनीं वाहिला. त्यांची या प्रवासाची इच्छा नव्हती. अगदीं निघण्याच्या वेळीं त्या कशाबशा तयार झाल्या. १७९४ सालीं बंगालमध्यें पीटर नांवाचा मुलगा वारला, आणि त्यानंतर त्यांचें चित्त भ्रमलें तें १८०७ सालीं मरेपर्यंत सुधारलें नाहीं. उपदेशकाच्या यशाची किंमत पुष्कळदां त्याच्या घरचीं माणसें देतात. ज्यांच्या घरीं पत्नी मुकाट्यानें ओढाताण सोसते, त्यांनीं हा भाग दोनदां वाचावा.

आपणां मराठी लोकांवर तर केरीसाहेबांचें विशेष ऋण आहे. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत ते बंगाली व संस्कृत भाषांबरोबर मराठीही शिकवीत. वैजनाथ पंडितांच्या साहाय्यानें त्यांनीं १८०५ सालीं मराठी व्याकरण व १८१० सालीं मराठी कोश प्रसिद्ध केला, आणि १८११ सालीं मराठी नवा करार सेरामपूरच्या छापखान्यांतून बाहेर पडला. जोडे शिवतां शिवतां परभाषा शिकण्याची जी संवय मोल्टनच्या खोलींत लागली, तीच येथें कामास आली. ९ जून १८३४ रोजीं सेरामपूर येथें त्यांनीं देह ठेविला.

ज्या बंधूंस वाटतें कीं, आपली मंडळी दहा-बारा घरांची, पगार अपुरा, रविवारीं ऐकणारे थोडे, तेव्हां आपल्या श्रमाचें मोल तें काय, त्यांनीं वडिलांस लिहिलेलें हें पत्र आठवावें. केरीसाहेबांनीं मोठें काम मिळेपर्यंत वाट पाहिली नाहीं. जो सोमवार हातीं आला तो त्यांनीं नीट वापरला. आपणांपैकीं प्रत्येकानें या आठवड्यांत एक दिवस अभ्यासाला, एक दिवस घरोघरच्या भेटींना व कांहीं वेळ घरच्या माणसांना राखून ठेवावा, एवढीच आमची नम्र विनंती आहे.